रशियात राहायला जाताय? कागदपत्रांपासून डाचापर्यंत

दरवर्षी उन्हाळा संपता संपता महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मोठ्या बॅगा भरल्या जातात. मुलगा किंवा मुलगी डॉक्टरकीला रशियात निघालेली असते. कुणी त्वेरला, कुणी कझानला, स्मोलेन्स्कला, ओरेनबुर्गला, स्ताव्रोपोलला. एजंटने फी सांगितलेली असते, हॉस्टेलचे फोटो दाखवलेले असतात. पण ज्या लोकांमध्ये पुढची सहा वर्षं काढायची, त्यांच्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं. मी त्वेरला शिकले, नंतर काही वर्षं मॉस्कोत राहिले. नव्याने जाणाऱ्यांना सांगावंसं वाटतं ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत, पण नोकरीसाठी किंवा जोडीदारासोबत जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. अनोळखी रशियन माणूस तुमच्याकडे बघून हसणार नाही, उगाच बोलणार नाही. तोच माणूस ओळखीचा झाला की मध्यरात्री हाक मारली तरी येईल. ही ओळख भाषेशिवाय होत नाही. हॉस्टेलमध्ये आपलीच मुलं, व्हॉट्सॲप ग्रुप आपलाच, स्वयंपाक आपलाच, अशात सहा वर्षं सहज निघून जातात आणि रशिया खिडकीबाहेरच राहतो. तसं होऊ देऊ नका.

निघण्याआधी

वैद्यकीय शिक्षणासाठी जात असाल तर ‘नीट’ (NEET) या प्रवेशपरीक्षेतली पात्रता लागतेच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, शिवाय तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. विद्यापीठाकडून हे लेखी घ्या. ‘पहिली तीन वर्षं इंग्रजी, मग रशियन’ असं कुणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका.

कागदपत्रांमध्ये आपल्या लोकांची एक खास अडचण होते. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं. रशियात पासपोर्टचं नोटरी केलेलं रशियन भाषांतर लागतं आणि त्यात तुमचं नाव रशियन लिपीत लिहिलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ किंवा ‘वैष्णवी’ रशियन अक्षरांत तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतं. व्हिसावर एक, भाषांतरात दुसरं आणि बँकेत तिसरं झालं, की पुढे प्रत्येक खिडकीवर तुम्ही वेगळी व्यक्ती ठरता. व्हिसावर जे रशियन स्पेलिंग छापून आलं असेल त्याचा फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच लिहून घ्या. भाषांतर नोटरीकडून हातात आल्यावर एकेक अक्षर ताडून पाहा.

पैशांचं म्हणाल तर भारतीय बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे चालत नाही. मार्च २०२२ पासून परदेशात काढलेली ही कार्डं रशियात बंद आहेत. पहिल्या महिन्याचा खर्च रोख डॉलर किंवा युरोत न्या. नोटा स्वच्छ आणि नव्या असाव्यात, शाई लागलेली किंवा फाटकी नोट बँक परत करते. तिथे गेल्यावर ‘मीर’ कार्ड, म्हणजे रशियाचं स्वतःचं बँक कार्ड, काढायचं. ते हातात आलं की भाजीवालीलासुद्धा मोबाइल नंबरवर पैसे पाठवता येतात.

औषधं बेताची न्या. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं, मानसिक आजारावरची औषधं सोबत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिचं भाषांतर हवंच, कारण आपल्याकडे दुकानात मिळणारं औषध तिथे बंदी असलेल्या यादीत असू शकतं.

जड कोट, बूट पुण्या-मुंबईत विकत घेऊ नका. इथलं ‘बर्फासाठीचं’ जाकीट तिथल्या जानेवारीत पुरत नाही, आणि महागही पडतं. थर्मलचे दोन जोड, एक चांगला स्वेटर एवढं पुरे. बॅगेतली उरलेली जागा मसाल्यांना द्या.

आणि लिपी इथूनच शिकून जा. अक्षरं ३३ आहेत. रोज तासभर दिला तर आठवड्यात वाचता येतात. इंग्रजी पी सारखं दिसणारं अक्षर ‘र’ वाचायचं, एच सारखं ‘न’, सी सारखं ‘स’, बी सारखं ‘व’. मराठी जिभेला त्यांचे ‘त’ आणि ‘द’ सोपे जातात, आपल्यासारखेच दंत्य आहेत. विमानतळावर उतरल्या उतरल्या पाटी वाचता आली की निम्मी भीती जाते.

पहिला आठवडा: कागद, कागद, कागद

विमानतळावर पासपोर्ट तपासणीत तुम्हाला ‘मिग्रात्सिओन्नाया कार्ता’ म्हणजे स्थलांतर कार्ड मिळतं. छोटा, साधा कागद. बोर्डिंग पाससारखा तो फेकून देणारे दर वर्षी निघतात. तो पासपोर्टइतकाच जपायचा. त्यावरचा प्रवेशाचा हेतू व्हिसाशी जुळतो का, तेही तिथल्या तिथे बघा.

त्यानंतर ‘रेगिस्त्रात्सिया’. तुम्ही कुठे राहता याची नोंद यजमानाने, म्हणजे विद्यापीठाने किंवा घरमालकाने, कामकाजाच्या सात दिवसांत करायची असते. विद्यापीठं आपल्या सोयीसाठी कागद पहिल्या एक-दोन दिवसांतच मागतात, तेव्हा उशीर करू नका. नोंद झाली की शिक्का मारलेली पावती तुमच्या हातात येते. सुट्टीत भारतात येऊन परत गेलात की हे सगळं पुन्हा. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतात. त्याची मुदत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातून पहिल्याच आठवड्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा. व्हिसा वाढवण्याचे कागद विद्यापीठ दीड-दोन महिने आधी मागतं. हे तुम्हाला कुणी आठवण करून देईल, असं धरून चालू नका.

घराबाहेर पडताना पासपोर्ट, स्थलांतर कार्ड आणि नोंदणीची पावती जवळ असू द्या. मेट्रो स्टेशनवर पोलीस कागद मागू शकतात. शांतपणे द्यायचे, वाद घालायचा नाही. दोन मिनिटांत काम होतं.

सिमकार्ड आता पूर्वीसारखं दहा मिनिटांत मिळत नाही. २०२५ पासून परदेशी माणसाला बायोमेट्रिक नोंद, रशियन विमा क्रमांक वगैरे पूर्ण करूनच कंपनीच्या दुकानातून सिम घ्यावं लागतं. तोवर हॉस्टेलच्या वाय-फायवर भागवायचं. फेसबुक, इन्स्टाग्राम २०२२ पासून बंद आहेत आणि ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲप, टेलिग्रामवरच्या कॉलवरही निर्बंध आहेत. घरच्यांशी बोलायला दुसरं काय वापरायचं हे निघण्याआधी ठरवा आणि आई-वडिलांच्या फोनवर ते चालू करून द्या. मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद असतं, म्हणून शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि खिशात थोडे रूबल ठेवा.

हे नंबर पाठ करा: सगळ्यासाठी ११२, रुग्णवाहिका १०३, पोलीस १०२. भारताचा दूतावास मॉस्कोत आहे. सेंट पीटर्सबर्ग, व्लादिवोस्तोक, कझान आणि येकातेरिनबुर्ग इथे वाणिज्य दूतावास आहेत. तुमचं शहर कुणाच्या हद्दीत येतं ते पाहून तिथे नाव नोंदवा.

रांग आणि दुकान

दवाखान्यात किंवा कार्यालयात गेलात की बाकड्यांवर माणसं विखरून बसलेली दिसतील. रांग कुठेच दिसणार नाही. पण रांग आहे, आणि ती सगळ्यांच्या डोक्यात पक्की आहे. आत शिरताच सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचं: ‘क्तो पस्लेद्नी?’ म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करेल किंवा नुसती मान हलवेल. त्या व्यक्तीला म्हणायचं, ‘या झा वामी’, मी तुमच्यामागे. बस, तुमचा नंबर लागला. आता त्या व्यक्तीचा चेहरा, कोट, टोपी लक्षात ठेवा. ती आत गेली की पुढचा नंबर तुमचा. तुमच्यानंतर कुणी आलं आणि तोच प्रश्न विचारला तर हात वर करायची पाळी तुमची. मध्येच पाच मिनिटं बाहेर जायचं असेल तर मागच्या माणसाला सांगून जायचं, तो तुमची जागा धरून ठेवतो. न विचारता थेट दारापाशी जाऊन उभं राहिलात तर सगळा व्हरांडा ओरडेल आणि ते बरोबरच असेल.

दुकानात गल्ल्यावरची बाई पहिला प्रश्न विचारते, ‘पाकेत नूझेन?’ पिशवी हवी का? दुसरा, दुकानाचं सवलत कार्ड आहे का? दोन्हीला ‘दा’ किंवा ‘न्येत’ पुरतं. तिचा चेहरा ठोकळ्यासारखा असेल. तिला तुमचा राग आलेला नसतो. तिथे अनोळखी माणसाकडे पाहून हसण्याची पद्धतच नाही, आणि कारण नसताना हसणारा माणूस त्यांना विचित्र वाटतो. पण रोज त्याच दुकानात जाऊन ‘झ्द्रास्त्वुइत्ये’ म्हणा. काही आठवड्यांनी तीच बाई तुम्हाला सांगेल की ते दही कालचं आहे, मागच्या रांगेतलं घे.

पित्योरच्का आणि मग्नीत ही दोन दुकानं जवळपास प्रत्येक वस्तीत सापडतात. कपडे, भांडी, अगदी हिंगसुद्धा ‘ओझोन’ आणि ‘वाइल्डबेरीज’ या ऑनलाइन दुकानांवर मिळतं. त्यांची पार्सल घ्यायची केंद्रं गल्लोगल्ली आहेत, आत कपडे घालून बघायची खोली असते आणि न आवडलेलं तिथल्या तिथे परत करता येतं. हिवाळ्याचा कोट घ्यायला याहून चांगली जागा नाही. तीन मागवा, घालून पाहा, एक ठेवा.

कुणाला कशी हाक मारायची

इथे मराठी माणसाला सोपं जातं. रशियन माणसाचं पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं नाव आणि आडनाव. प्राध्यापक, डॉक्टर, हॉस्टेलची व्यवस्थापक, वयाने मोठ्या कुणालाही पहिल्या दोन नावांनी हाक मारायची: आन्ना इवानोव्ना, सेर्गेय पेत्रोविच. ‘सर’, ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना परकं वाटतं, आणि नुसतं पहिलं नाव म्हणजे सरळ उद्धटपणा. पहिल्याच तासाला ही दोन्ही नावं वहीत लिहून घ्या आणि खोलीवर मोठ्याने म्हणून पाहा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ तिथेही आहेत. मोठ्यांना, अनोळखी माणसांना, कार्यालयात नेहमी ‘वी’ म्हणजे तुम्ही. ‘ती’वर, म्हणजे तू वर, येऊया का हे समोरचा माणूस स्वतः विचारतो. वर्गमित्र पहिल्या दिवसापासून तूच म्हणतात.

हॉस्टेलच्या दारावरची वाख्त्योरशा, बहुधा साठी ओलांडलेली बाई, ही तुमच्या पहिल्या वर्षातली सर्वात महत्त्वाची व्यक्ती. पास दाखवल्याशिवाय ती आत सोडत नाही. बहुतेक ठिकाणी रात्री अकराला दार बंद होतं. येता-जाता नमस्कार करा, तिच्या गुडघ्याची चौकशी करा, दिवाळीला फराळाची बशी द्या. ती तुम्हाला टोपी न घातल्याबद्दल रागवेल, थंड दगडावर बसलात तर उठवेल. रस्त्यातल्या अनोळखी आजीबाईही असंच रागावतात. तिथे दुसऱ्याच्या लेकराची काळजी अशीच व्यक्त होते. ‘स्पासीबा’ म्हणा आणि टोपी घाला.

बोलायला विषय हवा असतो. त्वेरमध्ये असाल तर व्होल्गाकाठी अफानासी निकितिनचा पुतळा आहे, १९५५ मध्ये उभारलेला. पंधराव्या शतकात हा त्वेरचा व्यापारी समुद्रमार्गे आपल्या चौलला उतरला आणि जुन्नरलाही गेला. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. त्वेरमधल्या कुणालाही सांगून बघा, ‘निकितिन जिथे उतरला तिथून मी आले.’ माणूस थांबतो आणि ऐकतो. बाकी शहरांत गोवा पुरतो. टॅक्सीवाल्याचा कुणी ना कुणी नातेवाईक मोरजीमला किंवा आरंबोळला जाऊन आलेला निघतो.

थंडी कशी काढायची

घरात थंडी नसते हे आधी लक्षात घ्या. सलग पाच दिवस सरासरी तापमान ८ अंशांखाली राहिलं की शहरभर मध्यवर्ती हीटिंग सुरू होतं आणि वसंतापर्यंत चालू राहतं. हॉस्टेलच्या खोलीत जानेवारीत टी-शर्टवर बसता येतं. जीव काढतात ते दोन काळ: ऑक्टोबरच्या सुरुवातीचे हीटिंग नसलेले थोडे दिवस, आणि उन्हाळ्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी गरम पाणी बंद असतं ते दिवस. उन्हाळ्यातल्या त्या काळाची नोटीस दारावर लागते. पाणी तापवायला मोठं पातेलं घेऊन ठेवा.

बाहेर पडताना तीन थर: अंगालगत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारा कोट. जाड सुती बनियन कामाचं नाही, घाम धरून ठेवतं. बुटांचा तळ जाड आणि खाचांचा हवा, आणि बूट एक नंबर मोठा घ्या म्हणजे लोकरी मोजा आत मोकळा बसेल. कान झाकणारी टोपी. बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा मुठीसारखे हातमोजे ऊबदार.

कोट घेतल्यावर पहिलं काम म्हणजे त्याच्या मानेशी आतून मजबूत पट्टीचा फास शिवून घेणं. विद्यापीठ, दवाखाना, नाट्यगृह, वाचनालय, सगळीकडे दारातच ‘गार्देरोब’ असतो. कोट तिथे द्यायचा आणि नंबरचा बिल्ला घ्यायचा. कोट घालून वर्गात बसू देत नाहीत. गार्देरोबमधली बाई दिवसात शेकडो कोट खुंटीला अडकवते. तुमच्या कोटाला फास नसेल किंवा तुटलेला असेल तर ती तो परत करते आणि सगळ्यांसमोर ऐकवते.

रस्त्यावर इमारतींच्या अगदी भिंतीलगत चालू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये छतावरून बर्फाचे सुळे पडतात आणि त्याने माणसं दगावतात. जिथे दोरी किंवा पट्टी बांधलेली असेल तिथून वळसा घालायचा. गोठलेल्या नदीवर कोळी बसलेले दिसतात म्हणून आपण पाय ठेवायचा नाही, त्यांना बर्फ कळतो.

डिसेंबरात मॉस्कोला दिवस जेमतेम सात तासांचा. वर्गात जाताना अंधार, परतताना अंधार. पहिल्या वर्षी पुष्कळ मुलांना कारण नसताना रडू येतं, झोप जास्त लागते, अभ्यास सुचत नाही. हे तुमच्या कमकुवतपणामुळे नाही, उजेड नसल्यामुळे होतं. दुपारी उजेडाच्या वेळात अर्धा तास बाहेर चाला, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरला विचारा, आणि मैत्रीण दोन दिवस खोलीबाहेर दिसली नाही तर दार वाजवा.

पोटाचं काय

डाळींपैकी मसूर आणि छोले दुकानात सहज मिळतात, तूरडाळ शोधावी लागते. तांदूळ, बटाटे, कोबी, बीट, गाजर मुबलक. ‘त्वोरोग’ पनीरच्या जवळचं, ‘केफिर’ ताकाच्या जवळचं. केफिरची कढी उत्तम होते, फक्त मंद आचेवर ढवळत राहायचं. ‘ग्रेच्का’ म्हणजे कुट्टू. स्वस्त, पोटभरीचा, जिरं-मोहरीची फोडणी दिली तर छान लागतो.

शेपूची भाजी घरी नाक मुरडत खाल्ली असेल तर सवय करून घ्या. रशियात शेपू सगळ्यावर असतो: सूपवर, बटाट्यावर, काकडीवर, लोणच्यात.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘बेझ म्यासा’, मांसाशिवाय, म्हणून भागत नाही. मग कोंबडी किंवा मासा येतो. स्पष्ट म्हणा: ‘या न्ये येम नि म्यासा, नि रीबू, नि कूरित्सू’. आणि सूप कशाच्या पाण्यात उकळलंय तेही विचारा. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या आठवड्यांत पुष्कळ हॉटेलांत ‘पोस्नये मेन्यू’ लागतं, त्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं. एरवी जॉर्जियन खाणावळ शोधा. चीज भरलेली खाचापुरी आणि राजम्यासारखं लोबिओ मिळतं.

हॉस्टेलमध्ये मजल्यावर सगळ्यांचं एकच स्वयंपाकघर असतं. फोडणीचा धूर आणि कुकरची शिट्टी शेजाऱ्यांना नवीन असते. पहिल्या दिवशी सांगा, दार-खिडकी बघून घ्या, ओटा पुसून ठेवा आणि ज्याने तक्रार केली त्याला आधी वाढा. खोलीत शेगडी किंवा कॉइल लावू नका. आगीच्या भीतीने ते कडक मना आहे आणि त्यापायी हॉस्टेल सोडावं लागतं. नळाचं पाणी उकळून प्या.

कुणी घरी बोलावलं तर

वर्गमैत्रिणीने किंवा शिक्षिकेने घरी बोलावलं तर जा. काहीही काम असलं तरी जा. तिथे हे आमंत्रण तोंडदेखलं नसतं.

रिकाम्या हाताने जायचं नाही. केक, मिठाई, चांगला चहा किंवा फुलं. फुलं विषम संख्येची: तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात. उंबऱ्यावरून हस्तांदोलन करायचं नाही, काही द्यायचं-घ्यायचंही नाही. आधी आत पाऊल टाकायचं, मग हात पुढे करायचा. बूट दारातच काढायचे, त्याबद्दल आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मग यजमान तुमच्यासमोर ‘तापच्की’, घरातल्या सपाता, ठेवतात. त्या घाला. मोजे मात्र धड असू द्यात.

बसायचं स्वयंपाकघरात. छोटंसं टेबल, त्यावर सूप, लोणची, सॅलड, पाव, आणि ताटलीत काही उरलं नाही की पुन्हा वाढणारी यजमानीण. ‘पुरे’ म्हटलं तरी वाढतात, म्हणून सुरुवातीला थोडंच घ्या. शेवटी चहा, सोबत फळांचा मुरांबा. चहा म्हणजे जेवणाचा शेवट असं समजून उठू नका, खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात. पगार, आजारपण, आई-वडिलांची लग्नगाठ, मेलेली माणसं, देव आहे की नाही, सगळं बोललं जातं. ‘कशी आहेस?’ असं विचारलं तर त्यांना खरं उत्तर हवं असतं. नुसतं ‘मजेत’ म्हणालात तर तुम्ही दार लावून घेतलंत असं त्यांना वाटतं.

दारू पीत नसाल तर पहिल्याच पेल्याला सांगा, स्पष्ट आणि हसतमुखाने: ‘या न्ये प्यू’. एक घोट घेऊन मग नको म्हणणं अवघड जातं. पेल्यात फळांचा ‘मोर्स’ घ्या आणि प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर उचला. त्यांच्यासाठी पिण्याआधी बोलले जाणारे शब्द महत्त्वाचे असतात. तुमच्यावरही पाळी येईल, तेव्हा यजमानांबद्दल दोन वाक्यं रशियनमध्ये आधीच तयार ठेवा. आईबद्दल काही बोललात तर सगळे गप्प होऊन ऐकतात.

घरात शिट्टी वाजवू नका, पैसे जातात म्हणतात. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका. लांबच्या प्रवासाला निघताना सगळे मिनिटभर गप्प बसतात, तुम्हीही बसा. ८ मार्चला ओळखीच्या प्रत्येक स्त्रीला फुलं किंवा निदान शुभेच्छा, शिक्षिका आणि वाख्त्योरशासकट. नववर्ष हा वर्षातला सर्वात मोठा सण, त्याला घरी बोलावणं आलं तर तो मान आहे.

ट्रेनने जा

देश समजून घ्यायचा तर सुट्टीत ‘प्लात्सकार्त’ने एक रात्रीचा तरी प्रवास करा. हा विनादारांचा शयनयान डबा, त्यात ५४ बर्थ. आपल्या स्लीपर क्लासची सवय असलेल्याला तो लगेच आपला वाटेल. तिकिटावर पासपोर्टचा नंबर असतो. डब्याच्या दारात ‘प्रवद्नीत्सा’, म्हणजे डब्याची व्यवस्था पाहणारी बाई, मूळ पासपोर्ट तपासते, छायाप्रत चालत नाही.

चढल्यावर लोक कपडे बदलतात, सपाता घालतात. डब्याच्या टोकाला सतत उकळतं पाणी असतं. प्रवद्नीत्साकडे धातूच्या कडीतला काचेचा पेला मागा. खिडकीजवळचं टेबल खालच्या बर्थवाल्यांचं, वरच्या बर्थवर असाल तर जेवायला ‘मोझ्ना?’, म्हणजे चालेल का, विचारून बसा. आणि खाणं बाहेर काढलंत की समोरच्यांना द्या. तेही देतील: उकडलेली अंडी, काकडी, घरचं पिरोग, म्हणजे सारण भरून भाजलेला पाव. माझं अर्धं रशियन मी अशा डब्यांत शिकले. रात्रभर शेजारी असलेला माणूस चुका काढत नाही, तुमचं वाक्य तुमच्यासाठी पूर्ण करतो.

इथे सावध राहा

हे घरच्यांनीही वाचावं. सहायक, सुरक्षारक्षक, स्वयंपाकी अशा नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना लष्कराच्या करारावर सह्या करायला लावून युद्धभूमीवर पाठवल्याची प्रकरणं घडली आहेत, त्यांत मृत्यूही झाले आहेत. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ पासून पुन्हा पुन्हा इशारा दिला आहे. कितीही पैसे, नागरिकत्व किंवा व्हिसाची हमी मिळाली तरी अशा कामाच्या जवळही जाऊ नका. जो रशियन कागद स्वतःला वाचता येत नाही त्यावर सही करू नका. विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या, नाहीतर दूतावासाला फोन करा.

लष्करी ठिकाणं, पूल, विमानतळ, गणवेशातली माणसं यांचे फोटो काढू नका. युद्धाबद्दल सार्वजनिक ठिकाणी किंवा समाजमाध्यमांवर मत मांडू नका, कायदे कडक आहेत. ज्या घरी चहा पिता, त्या घरातला मुलगाही आघाडीवर असू शकतो. त्यांनी सांगितलं तर ऐका.

भाड्याने घर शोधताना ‘फक्त स्लाव लोकांसाठी’, म्हणजे रशियन आणि त्यांच्या वंशाच्या लोकांसाठी, अशा जाहिराती दिसतात. रंगावरून टोमणाही कधी ऐकावा लागतो. ते दुखतं, आणि ते चूकच आहे. रात्री उशिरा एकट्याने दारुड्यांच्या टोळक्याजवळून जाणं टाळा, वादात पडू नका. घर विद्यापीठातल्या ओळखीच्या रशियन माणसामार्फत शोधा, त्यांच्या शब्दावर घरमालक तयार होतो.

आणि उन्हाळ्यात डाचा

मे उजाडला की शहरं शनिवार-रविवारी रिकामी होतात. लोक ‘डाचा’वर जातात, शहराबाहेरच्या छोट्या घरी. तिथे बटाटे, काकड्या, बेरी, शेपू लावलेला असतो. बोलावणं आलं तर जुने कपडे न्या, कारण हातात फावडं मिळणार. कोकणातल्या किंवा देशावरच्या मुलांनी इथे मागे राहू नये. वाफा नीट ओढून दाखवा, आजोबा तुम्हाला आयुष्यभर विसरत नाहीत.

संध्याकाळी ‘बान्या’, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, तापवतात. लोकरीची टोपी घालून वाफेत बसायचं, भूर्जाच्या ओल्या डहाळ्यांनी अंगावर मारून घ्यायचं, मग थंड पाणी. बायका आणि पुरुष बहुधा वेगवेगळ्या वेळी जातात. पहिल्यांदा खालच्या फळीवर बसा, तिथे उष्णता कमी असते, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच बाहेर या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर जाऊच नका.

गवतात, जंगलात फिरताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि विजार मोज्यांत खोचलेली हवी. ‘क्लेश्च’ म्हणजे गोचीड चावून मेंदूज्वर होऊ शकतो. परतल्यावर काखा, मान, गुडघ्यांमागची जागा तपासा. चिकटलेली दिसली तर ओढून तोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. दर वर्षी जाणार असाल तर हिवाळ्यातच लस टोचून घ्या.

निघताना यजमानीण काकड्यांच्या लोणच्याच्या आणि मुरांब्याच्या बरण्या पिशवीत भरून देईल. घ्या. रिकाम्या झाल्या की धुऊन परत न्या, पुढच्या हंगामात तिला त्या लागतात. आणि जाताना त्यांतल्या एकीत आपलं लिंबाचं लोणचं घालून न्या.